आईचं वरण आणि फिजिक्सचा पेपर

भूकंपानंतर औशाजवळच्या आमच्या गावात लोक पत्र्याखाली झोपायला शिकले आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं, पोरगी डॉक्टर होणार. भिंतींवर त्यांचा भरवसा उरला नव्हता, लातूरच्या शिकवण्यांवर मात्र होता. मला तिथं खोली करून दिली, डबा लावून दिला आणि अण्णा एसटीनं तपासणीला येऊ लागले.

डब्यांचं नाटक मोठं बहारदार. डबा देणाऱ्या पहिल्या मावशींची भाजी अण्णांनी बोटं चाटत पास केली. काही आठवडे सगळं झकास. मग माझी पाळी आली आणि तिचा हात धरून जुलाब आले. ओटीपोट कुणी पिळून दोरीवर टाकावं तशी कळ, वर ओकाऱ्या. अण्णांनी रिकामा डबा नाकाशी धरला आणि निकाल दिला, "तेल खराब हाय. बाई बदला."

बाई बदलली. पुढच्या पाळीला तिचाही निकाल लागला. तिसरीला तर अण्णांनी भर रस्त्यात गाठून खाण्याच्या सोड्यावर व्याख्यान दिलं. दवाखान्यातही ते माझ्यासोबत आत. डॉक्टरांनी मला विचारायचं, उत्तर अण्णांनी द्यायचं. जुलाब किती, कसे, कुठल्या रंगाचे, सगळं खणखणीत आवाजात! पाळीचं कुणी विचारलं नाही आणि अण्णांसमोर सांगायची माझी टाप नव्हती.

बारावीच्या परीक्षेला शेवटी आईच आली, स्टोव्ह घेऊन. "आता बघू कसं पोट बिघडतंय," अण्णा म्हणाले. फिजिक्सच्या दिवशी सकाळी बिघडलं. मी मोरीत वाकलेली, अण्णा दारात, आई स्टोव्हपाशी.

"काय खाऊ घातलंस गं पोरीला?"

आईला ठाऊक होतं. माझे डागाळलेले कपडे तिनंच पहाटे भिजत घातले होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "डाळ जुनी होती वाटतं."

पेपर अर्धा टाकून मी उठले. डॉक्टरकी तिथंच संपली.

पुढे चाळिशीत नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला समोर बसवून सांगितलं, की पाळीत गर्भाशयाला आवळणारी द्रव्यं आतड्यांनाही ढवळून काढतात. पुष्कळ बायकांना होतं. त्यावर गोळ्या मिळतात. गोळ्या! मी एवढी हसले, की बाई घाबरल्या.

आई तोवर गेली होती. अण्णा मात्र पंगतीत रंगून सांगायचे, "हिच्या आईच्या वरणानं हिची डॉक्टरकी बुडवली." जुलाबांच्या वर्णनासकट. पाहुणे हसत हसत भात कालवायचे. गेल्या दिवाळीत वाढता वाढता मी म्हणाले, "अण्णा, वरण चांगलं होतं. मला पाळी आली होती."

अण्णांनी ताट पुढे सारलं.

"जेवताना असलं काय बोलायलीस? माणसाची भूक मरती."