बॉनेटवरचं स्वस्तिक

गाडी धुतली की बादलीच्या तळाशी रेती साचते. आमच्या गल्लीत तसेच किस्से साचतात. इंदूरच्या सुदामा नगरात दर रविवारी सकाळी आम्ही चौघं आपापल्या गाड्या धुतो. मी, म्हणजे शुभा, बँकेतली. दुसरे कांबळे सर, महूच्या शाळेत गणित शिकवतात. तिसरा गोलू भिया, म्हणजे इंदुरी 'भैया', ज्याला जगातलं सगळं व्हिडिओ बघून येतं. आणि चौथा अभय, ज्याची गाडी काळी आणि नवी कोरी.

आज हे किस्से सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र येत नव्हतं, कारण वर्षभर अभयची आई, आमच्या माई, त्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हत्या.

*

सुरुवात दसऱ्याला झाली. अभयनं शोरूममधून गाडी थेट बडा गणपतीच्या देवळात आणली; माई आणि मी तिथंच थांबलो होतो. माईंनी तुपात शेंदूर कालवला आणि बोटानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग त्या प्रसाद घ्यायला आत गेल्या.

ऊन कडक होतं. तापलेला शेंदूर पेंट खातो, असं अभयनं कुठंतरी वाचलं होतं. त्यानं खिशातून कापड काढलं आणि कोरडंच घासून स्वस्तिक पुसून टाकलं!

माई बाहेर आल्या. हातात चाकापुढे फोडायचा नारळ.

"पुसलंस?"

"माई, पेंट खराब होतं गं. फोटो काढलाय ना मी!"

"ज्या गाडीवर माझा हात दहा मिनिटं टिकला नाही, तिच्यात मी कशाला बसू?"

त्या रिक्षा करून घरी गेल्या. नारळ न फोडताच परत नेला आणि देवघरात ठेवला. मी अभयबरोबर गाडीतून आले. वाटभर तो एवढंच म्हणत होता, "शुभाताई, नवीन पेंट नाजूक असतं हो." मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटत होती.

*

आईला गाडी आवडावी म्हणून अभयनं मग काय काय केलं! गोलू भियाचा सल्ला आला, "भिया, डॅशबोर्डवर खोबरेल मारो. एकदम शोरूमसारखा चमकेल, कसम से!"

अभयनं अर्धी बाटली चोळली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लालबागकडे निघालो. वळण घेतलं, ऊन समोरून आलं, आणि तेलकट डॅशबोर्डची सगळी चमक समोरच्या काचेवर उतरली. रस्ताच दिसेना!

"अभय, ब्रेक!" मी किंचाळले.

गाडी एका स्कूटरवालीपासून वीतभर अंतरावर थांबली. ती बाई आमच्याकडे बघून ओरडली, "अंधे हो क्या?" अभयचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मागच्या सीटवरून गोलू भिया हळूच म्हणाला, "पण चमक तर आली ना..."

संध्याकाळी माई माझ्याकडे आल्या. "त्याला सांग, गाडी सावकाश चालव म्हणावं." मुलगा त्यांच्याच घरात, समोरच्या खोलीत बसला होता. निरोप माझ्यामार्फत!

*

कांबळे सरांचे आजोबा फौजेत होते. त्यामुळे सर गाडी धूत नाहीत, तिचं इन्स्पेक्शन करतात. धुतलेल्या बॉनेटवरून ते पातळ पॉलिथिनच्या पिशवीत हात घालून फिरवतात. उघड्या हाताला न लागणारा कण पिशवीतून बरोबर लागतो.

"खरखर आहे," सरांनी निकाल दिला.

मग क्ले आणली. पेंटमध्ये रुतलेली धूळ ओढून काढणारा तो चिकणमातीसारखा गोळा. अभय जपून घासत होता. गोळा हातातून निसटला, खाली पडला. त्यानं तो उचलला, पँटला पुसला आणि पुन्हा दारावर फिरवला.

कर्रर्र!

दारावर बोटभर लांबीचा ओरखडा.

"पडलेली क्ले फेकून द्यायची असते, अभय," सर शांतपणे म्हणाले. अभय तिथंच जमिनीवर बसला.

ओसरीवरून माईंचा आवाज आला, "शुभा, चहा झालाय. ज्यांचे हात रिकामे आहेत, त्यांना दे."

*

शेवेचा किस्सा छोटा आहे. गोलू भियानं मागच्या सीटवर बसून लौंगसेव, म्हणजे लवंग घातलेली तिखट शेव, खाल्ली. शेव सीटच्या फटीत गेली, मागोमाग मुंग्या आल्या. अभय दोन तास टूथब्रशनं एकेक शेव काढत होता. त्या दिवसापासून गाडीत खाणं बंद. चपला बाहेर काढायच्या, पिशवीत घालायच्या, मगच आत यायचं.

"देवळासारखं!" गोलू भिया म्हणाला.

"देवळात देव असतो," माई म्हणाल्या.

*

रंगपंचमीला इंदूरमध्ये आकाशसुद्धा कोरडं राहत नाही. अभयनं पहाटेच गाडीवर जाड कव्हर चढवलं, दोऱ्या बांधल्या आणि शेजारी पहारा देत उभा राहिला.

माई दरवर्षी गुलालाचं ताट घेऊन गल्लीभर फिरतात. माणसांना लावतात, गाड्यांनाही लावतात. त्यांनी कांबळे सरांच्या गाडीला लावला, माझ्या खटाऱ्याला लावला, गोलू भियाच्या स्कूटरला लावला. आता त्या अभयच्या गाडीपाशी आल्या.

अभयनं एक दोरी सोडली. दुसरी सोडली. बॉनेटवरचं कव्हर स्वतःच्या हातानं वर केलं.

माईंचं बोट ताटात गेलं, आणि थांबलं.

"झाक," त्या म्हणाल्या. "रंग लागेल."

आणि पुढच्या घराकडे गेल्या. अभय कितीतरी वेळ कव्हर हातात धरून उभा होता. मला त्याची पहिल्यांदाच खरी दया आली.

*

आणि हा पुढच्या दसऱ्याआधीच्या रविवारचा किस्सा. गोलू भियानं मेव्हण्याकडून पॉलिशचं मशीन आणलं होतं. दारावरचा क्लेचा ओरखडा पाच मिनिटांत गेला. अभय खूश! मशीन बॉनेटवर नेण्याआधी त्यानं वाकून, सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

आम्हीही वाकलो. काळ्या पेंटवर बारीक, केसासारख्या रेघा होत्या. कोरड्या कापडानं शेंदूर रेघेरेघेनं घासला होता ना, त्याच्या. एक आडवी, एक उभी, टोकांना वळलेल्या. थोडं वाकडं, पण स्वस्तिकच!

"अरे भिया, दो मिनिट का काम है!" गोलू भियानं मशीन सुरू केलं. "आत्ता गायब करतो!"

"थांब!" अभय ओरडला.

गोलू भियानं घाबरून बटण बंद केलं. ओसरीवर माई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

पॉलिश लागू नये म्हणून आम्ही काचेभोवतीच्या रबरावर निळी टेप लावतो. अभयनं ती टेप घेतली. बॉनेटच्या मधोमध एकाशेजारी एक पट्ट्या चिकटवल्या, अख्खं स्वस्तिक झाकलं आणि कडा नखानं दाबल्या. मग मशीन घेतलं आणि बाकीचं सगळं बॉनेट आरशासारखं केलं. शेवटी टेप काढली. आजूबाजूच्या चकाकीत ते स्वस्तिक आता उभ्यानंसुद्धा दिसत होतं.

माई मेथी तशीच टाकून आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा हाताला मेथीची माती होती आणि हातात गेल्या वर्षीचा तो नारळ. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि चपलांसकट आत बसल्या. मातीचा हात डॅशबोर्डवर टेकवला. गोलू भियानं काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कांबळे सरांनी त्याचा पाय दाबला.

माईंनी नारळ कानाशी नेऊन हलवला. आत खोबऱ्याचा सुका गोटा खडखडला.

"चल," त्या अभयला म्हणाल्या. "हा फोडायचा राहिलाय."