मास्तरांना वाजवू द्या

सत्कार म्हटला की खुर्ची आलीच. पण या मंडळींनी मास्तरांसाठी चक्क सोफा आणला होता, आणि तोही असला मऊ, की एकदा आत गेलेला माणूस दोघांनी ओढल्याशिवाय बाहेर यायचा नाही. फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरातल्या जॅझ क्लबात, रविवारी दुपारी, मास्तर त्यात कमरेपर्यंत रुतून बसले होते. मांडीवर सॅक्सोफोन आणि तोंडात त्याची रीड. ही पातळ पट्टी ओली नसेल तर सूर धड लागत नाही, म्हणून ते ती जिभेवर घोळवत होते. येणारा-जाणारा काही विचारी, मास्तर नुसतं "हं हं" करत. लोकांना वाटे, भरून आलंय.

कसलं डोंबलाचं भरून येतंय! त्यांना वाजवायचं होतं. दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर त्यांचे वरचे पुढचे दात काढणार होते, आणि सॅक्सोफोन तोंडात धरायचा तो त्याच दातांच्या आधारावर. कवळी बसल्यावर पुन्हा सूर सापडेल का, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. इकडे मास्तरांनी एक नवी चाल बांधली होती. शेजारी कटकट करतात म्हणून बाथरूमचं दार लावून महिनोन्महिने घासली होती. ती एकदा, एकदाच, बँडच्या साथीने लोकांसमोर वाजवायची, एवढंच त्यांचं मागणं. दातांचं फक्त बायकोला ठाऊक होतं. लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी कीव करत ऐकलं असतं, आणि कीव म्हटली की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण भाषणं संपतील तर ना! मास्तर म्हणजे संस्था, मास्तर म्हणजे विद्यापीठ. मास्तर म्हणजे खरं तर हॉटेलातल्या बँडमध्ये उभी हयात काढलेला माणूस. समोर लोक जेवतायत, काटे-चमचे खणखणतायत, मॅनेजर येऊन जरा हळू वाजवा म्हणतोय, आणि तरीही कोपऱ्यातल्या एखाद्या टेबलावर कोणी घास हातात धरून ऐकत राहिला की मास्तरांची रात्र सार्थकी लागायची. त्याच काळात कधीतरी त्यांनी एक रेकॉर्ड केली. ती गाजली, आणि तिनेच त्यांचं वाटोळं केलं.

जॅझमध्ये मधला तुकडा ज्याने त्याने त्या क्षणी सुचेल तसा वाजवायचा असतो. आज एक, उद्या दुसरा. मजाच ती. रेकॉर्डवरचा तुकडा मास्तरांना त्या दिवशी सुचला होता, बस्स. त्यात शेवटाकडे रीड सुकली आणि सूर चिरकला. पुन्हा वाजवू म्हणेपर्यंत स्टुडिओची वेळ संपलेली. आणि आता सत्काराच्या स्टेजवर तीन तरुण सॅक्सोफोनवाले रांगेत उभे राहून तोच तुकडा, जसाच्या तसा, मानवंदना म्हणून वाजवत होते. शेवटाकडे तिघं मिळून चिरकले. एकदम, मापात, तालीम करून! टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांना हसावं की डोकं फोडून घ्यावं कळेना.

मग मात्र त्यांनी रीड तोंडातून काढून सॅक्सोफोनला बसवली आणि शेजारी बसलेल्या ड्रमवाल्याला कोपराने ढोसलं. हा हॉटेलच्या दिवसांपासूनचा सोबती. मास्तरांनी सांगितलं, मला वर ने, नवीन वाजवायचंय. तो म्हणाला, आज तुम्ही फक्त ऐकायचं, आज तुमचा दिवस. मास्तरांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गुपचूप उठला आणि हात धरून त्यांना ओढून काढू लागला.

ड्रमवाला ड्रमवर जाऊन बसला, मास्तर माइकसमोर उभे राहिले तेव्हा सगळा क्लब उभा राहिला. त्यांनी डोळे मिटले आणि नवी चाल उचलली. सुरुवात हळू होती, जरा अडखळत चालणारी. दात ठणकत होते, पण सूर लागला होता. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी रेकॉर्डवरची ती जुनी धून गुणगुणायला लागलं. लोकांना वाटलं, मास्तर वाजवतायत ती जुन्या गाण्याचीच प्रस्तावना आहे. हां हां म्हणता अख्खा क्लब गायला लागला, टाळ्यांनी ताल धरला. बँडमधली पियानोवालीही प्रेमाने, अगदी प्रेमाने, जुन्या गाण्यावर घसरली. पाठोपाठ ड्रमवाला. मास्तर थोडा वेळ एकटेच नव्या चालीला धरून राहिले. त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. शेवटी त्यांनी जुना तुकडा घेतला आणि पुरा केला.

लोकांनी क्लब डोक्यावर घेतला. रांगेतल्या तिघांपैकी एकाने डोळे पुसत त्यांना मिठी मारली. म्हणाला, "मास्तर, अगदी रेकॉर्डसारखं वाजवलंत."

"मग रेकॉर्डच लावायची होती की," मास्तर म्हणाले. "मला कशाला बोलावलंत?"

तो पोट धरून हसला. शेजारच्याला सांगितलं, तोही हसला. लोकांची फिरकी घ्यायची मास्तरांची सवय अजून गेली नाही म्हणून कौतुक झालं, माइकवरून तेही सगळ्यांना ऐकवण्यात आलं.

बायको गर्दीतून वाट काढत आली. "अहो, दात फार दुखतायत का?"

"दात कसले दुखतायत," मास्तर म्हणाले. "कोट दे माझा."