कलमकाकांचं एकतिसावं कलम

स्वतःच्याच फ्लॅटमध्ये हेल्मेट घालून शिरणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही नवरा-बायको हडपसरमध्ये भाड्याचं घर शोधत होतो. काकांनी दार उघडलं, आधी स्वतः आत गेले, सगळ्या पंख्यांखालून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "या. सध्या तरी काही पडत नाहीये." कलमकाका हे नाव आम्ही ठेवलं ते नंतर, करारनामा वाचल्यावर.

काकांची सगळी नोकरी खडकीच्या एका कारखान्यात अपघातांचे अहवाल लिहिण्यात गेली. कोण घसरला, कुठे घसरला आणि मुख्य म्हणजे जबाबदार कोण. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हा एकच फ्लॅट घेतला आणि तो भाड्याने कसा द्यावा हे ऐकायला एका फुकट व्याख्यानाला गेले. वक्ता म्हणाला, "आधी स्वतःचं संरक्षण, मग भाडेकरू." झालं! भाडेकरू न्हाणीघरात पडणार, कोर्टात जाणार आणि फ्लॅट हातचा जाणार, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. म्हातारपणाचा सगळा आधार तेवढाच होता, त्यामुळे मला त्यांचा धड रागही येत नसे.

करारात तीस कलमं होती. "भाडेकरू ओल्या फरशीवर घसरणार नाही. घसरल्यास तो स्वखुशीने घसरला असे समजावे." करार नोंदवणारा एजंट कळवळून म्हणाला, "काका, एवढं मावत नाही हो."

"मग अक्षर बारीक करा," काका म्हणाले.

दर महिन्याला तपासणी असे. काका न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतत आणि मला त्यावरून चालायला लावत. मग वहीत "पडला नाही" असं लिहून माझी सही घेत. एकदा माझी आई वर्ध्याहून आली होती, तर वही तिच्याही पुढे धरली. आई म्हणाली, "काऊन जी भाऊ, मी का इथं पडाले आली काय?"

"ठरवून पडलात तर सोपं जातं," काका शांतपणे म्हणाले. "त्याला कलम आहे."

आमचं घोडं अडलं ते सातव्या कलमावर. घरात माणसं दोनच राहतील, तिसरं वाढलं तर करार रद्द. आणि आमच्याकडे तर पाळणा हलणार होता. तपासणीच्या दिवशी बायको मांडीवर उशी घेऊन बसायची. पण उशी तरी किती लपवणार? अशा दिवसांत दुसरं घर कोण देईल, या काळजीने आम्हाला घास गोड लागत नव्हता.

सातव्या महिन्यात काकांनी तिला उभं पाहिलं. हातातला तांब्या तसाच खाली ठेवला आणि तपासणी अर्धवट टाकून निघून गेले. मी त्याच दिवशी ओळखीपाळखीत घरासाठी शब्द टाकायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी काका आले ते सुतार आणि गवंड्याला घेऊनच. न्हाणीघरात खरखरीत फरशी बसली, खिडक्यांना जाळ्या लागल्या, ओट्याच्या कोपऱ्यांना काकांनी स्वतः स्पंज चिकटवला. मग त्यांनी माझ्यापुढे स्टॅम्पपेपर ठेवला. सातवं कलम रद्द, आणि खाली नवं एकतिसावं: "या घरात येणाऱ्या बाळास काही इजा झाल्यास संपूर्ण जबाबदारी घरमालकाची राहील. बाळास हा करार स्वतः वाचता येईपर्यंत हे कलम लागू राहील."

मी म्हणालो, "काका, यात तुमचं संरक्षण कुठे आहे?"

"नाहीये. आलंय माझ्या लक्षात. अहो, सही करा लवकर, नाहीतर मी शहाणा होईन."

पुढे आम्ही लोणी काळभोरला स्वतःचं घर घेतलं. काका जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची फार आठवण येते. लेक हल्ली दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचते. तो कागद मात्र आम्ही अजून तिच्या हातात दिलेला नाही.