व्याह्यांच्या आधी उठायचं नाही

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी एकाला सांगितलं तर त्याला ठसका लागला आणि शर्ट मला धुवून द्यावा लागला. फजिती आहे हो, आणि सगळी माझी स्वतःची. दुसऱ्या कोणाचा तीत काडीचाही दोष नाही.

आमची स्नेहल नागपूरला नोकरी करते. तिथंच तिला अविनाश भेटला. पोरगा अहेरीचा, सरळ स्वभावाचा. त्या दोघांचं जमलं होतं, आता दोन्ही घरांचं जमायचं होतं. त्याचे वडील गोविंदभाऊ वनखात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांच्या घरी एकच शंका होती. वरोऱ्याचे हे बाजारपेठेतले लोक आपला मान ठेवतील का? म्हणजे आमच्या लेकीचं सगळं त्या पहिल्या भेटीवर येऊन थांबलेलं.

भेट चंद्रपुरात ठरली, दोघांनाही सोयीचं म्हणून. आणि अविनाशनं मोठ्या हौसेनं हॉटेल निवडलं ते जपानी. सुशी, अनलिमिटेड. एकदा बसलं की पाहिजे तेवढं खा.

आता सुशी म्हणजे काय? थंड भाताचा मुटका आणि त्यावर कच्च्या मासोळीची चकती. आम्ही भात-मासोळी खाणारेच लोक, नाही कुठं म्हणतो? पण आमच्याकडे दोन्ही चुलीवरून उतरलेलं असतं.

घरून निघतानाच बायकोनं बजावलं, "हे पाहा, आपण मुलीकडचे. ते हात धुवाले उठत नाई तोपर्यंत तुमी उठाचं नाई. तुमच्या भावानं तशी घाई केली होती, तर त्याचे व्याही वर्षभर बोलले नाई."

"अवं, एवढं मले समजते," मी म्हणालो.

तेवढंच समजत होतं, तिथंच सगळा घोळ झाला.

हॉटेलात बसल्या बसल्या गोविंदभाऊंनी विचारलं, "भाऊ, वय काय म्हणाचं तुमचं?"

"साठ झाले."

"मंग तुमी मोठे. मी दोन वर्षानं लहान." आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. मी मनातल्या मनात फुगलो. माणूस मान राखणारा आहे, लेक सुखात राहील, असं वाटलं. त्या एका प्रश्नात माझी काय गत लिहिलेली होती, हे मला कुठून कळणार?

वाढायला काळा अंगरखा घातलेला माणूस आला. वेश जपानी, माणूस घुग्घुसचा. म्हणाला, "रिकामी ताटली दिसली का मी नवी आणतो साहेब. तुमी बस म्हनसान तेवाच बस. फक्त ताटलीत टाकाचं नाई."

सोबत चटणीसारखा तो हिरवा जहाल गोळा असतो ना, त्याचं विचारू नका. तो सगळ्यांनाच एकदा फसवतो, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

पहिली ताटली मी डोळे मिटून संपवली. दुसरी लेकीकडे पाहून. मग बायकोनं हात धुतले, विहीणबाईंनी धुतले, पोरं तर आइस्क्रीमवर गेली. राहिलो कोण? मी आणि गोविंदभाऊ.

मी चोरून पाहिलं. ते खात होते. मग मी कसा थांबणार? मी एक मुटका उचलला, त्यांनी एक उचलला. मी हळू चावायला लागलो, तेही हळू चावायला लागले. मी त्या जेवायच्या जपानी काड्या खाली ठेवल्या, तर त्यांनीही ठेवल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. गेलं, नाराज झाले. मी घाईघाईनं काड्या पुन्हा उचलल्या. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि स्वतःच्या उचलल्या. मला वाटलं, काय आवड आहे बुवा माणसाला खाण्याची.

"घ्या ना भाऊ," मी म्हणालो.

"तुमी घ्या आधी," ते म्हणाले.

"तुमच्याशिवाय कसा घेऊ?"

असा आग्रह चालू असताना घुग्घुसवाला नवी ताटली ठेवून जायचा. 'बस' म्हणायचं कोणी? मुलीकडच्यानं म्हणणं म्हणजे व्याह्यांच्या तोंडचा घास काढणं. मी टेबलाखाली पट्टा सैल केला. मग आणखी सैल केला. शेवटी पट्ट्याची भोकंच संपली.

बायकोनं मला चिमटा काढला. "किती खाता?"

"तूच म्हणली ना?" मी पुटपुटलो.

"मी उठू नका म्हणली. हॉटेल खाली करा कुठी म्हणली?"

शेवटी तो वाढणाराच हात जोडून आला. "साहेब, भात संपला. नवा मांडू का? थंडा व्हाले अर्धा घंटा लागन."

"नको," आम्ही दोघंही एकदम म्हणालो, आणि एकदमच उठलो. पाहा, व्याह्यांच्या आधी काही उठलो नाही.

बाहेर गोविंदभाऊ कडुनिंबाच्या झाडाला टेकून उभे होते. मला म्हणाले, "लय आवडलं वाटते तुमाले?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? हॉटेल होणाऱ्या जावयानं निवडलेलं, तो बाजूलाच कान देऊन उभा. मी म्हणालो, "आवडलं म्हणजे? हे रोज भेटलं तर मी घरचं जेवण सोडून देईन." एवढं लांबवायची काही गरज होती का? पण जीभ एकदा सुटली की मला ऐकते कुठं.

दुसऱ्या दिवशी स्नेहलचा फोन आला. "बाबा, होकार आला."

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मी चक्क रडलो.

मग ती म्हणाली, "पण अविनाशचे बाबा सकाळपासून लिंबूपाणी पिऊन राह्यले. तुमी इतकं काऊन खाल्लं? त्यांच्या घरी मोठा माणूस उठल्याशिवाय लहान माणूस उठत नाई. ते तुमच्यासाठी बसून होते."

"अन् मी त्यांच्यासाठी बसून होतो!"

तिकडे स्नेहलनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथवर आला. मग मी म्हणालो, "मंग त्यांले खरं सांगून टाक."

"काय सांगू? अविनाशनं एवढ्या हौसेनं नेलं, अन् माह्या बापाले घास गिळवत नव्हता? जमलं आहे ते राहू द्या बाबा."

राहू दिलं.

साखरपुडा अहेरीला झाला, ऐन थंडीत. अंगणात पंगत बसली. चुलीवर प्राणहितेच्या मासोळीचा रस्सा उकळत होता, त्याचा वास थेट दारापर्यंत येत होता. त्या हॉटेलापासून मी असल्या गरम भातासाठी तळमळत होतो. हात धुतले, मांडी घातली आणि पत्रावळ पुढे ओढली. शेजारी गोविंदभाऊ बसले. वाढणारा वाफाळता भात घेऊन आला, त्यांना वाढला आणि मला ओलांडून पुढे गेला. चुकला असेल म्हटलं. मग रस्साही तसाच मला ओलांडून गेला.

तेवढ्यात विहीणबाई आल्या, हातात भलामोठा थर्माकोलचा डबा घेऊन. झाकण उघडलं तर आत बर्फ, आणि बर्फावर ओळीनं मांडलेले ते मुटके.

"अविनाश पहाटेच चंद्रपुराहून घेऊन आला, भाऊ," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुमाले घरचं जेवण गोड लागत नाई म्हणते ना आता."

सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती. समोरच्या ओळीतून बायकोही पाहत होती, आणि तिच्या पत्रावळीवर रस्सा होता. गोविंदभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश जेवा भाऊ," ते म्हणाले. "घाई करू नका. तुमचा डबा संपून तुमी उठल्याशिवाय इथी कोणीच उठणार नाई."