मिळाला म्हणजे कुणाला?

वकीलसाहेबांना रस्त्यात कुणी सलाम केला, तर ते आधी मागे वळून पाहत. मागे दुसरं कुणी नाही याची खात्री झाली, की मगच स्वतःचा हात कपाळाशी नेत. सलामामागे काही काम असणार असं धरूनच ते चालत, आणि बहुतेक वेळा काम असेच.

आमच्या गल्लीत सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत, तरी वकिली केव्हाच थांबली होती. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, कोर्टातली उर्दू गेली आणि तिच्यामागोमाग त्यांचे पक्षकारही. राहिला तो काळा कोट. तो घालून ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसत आणि समोर येईल त्याची उलटतपासणी घेत. भाजीवाली "ताजी हाय" म्हणाली तर विचारत, "कालपेक्षा ताजी, का उद्यापेक्षा?"

त्या धामधुमीत त्यांचे दोन्ही भाऊ कराचीला निघून गेले. शेजारच्या बायका हळहळून म्हणत, "बिचाऱ्यांचे भाऊ गेले." ओट्यावरून लगेच आवाज येई, "गेले म्हणजे कराचीला गेले, बाई. जिंदा हैत. नीट बोला, नायतर उद्या माझ्या दारात रडायला याल." तुम्ही का नाही गेलात, असं मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. प्रश्न विचारायचा हक्क गल्लीने त्यांच्याकडेच ठेवला होता.

मी इंटर पास झालो त्या वर्षी आमच्या शहरात विद्यापीठ नव्हतं. पुढं शिकायचं तर बाहेर जाणं भाग होतं. मी हैदराबाद, पुणे आणि नागपूर अशा तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्ही विद्यापीठांची माहितीपत्रकं घेऊन उत्तरांची वाट पाहत बसलो. बसायची जागा अर्थातच वकीलसाहेबांचा ओटा. मला वाटलं होतं, ते मला चांगलं विद्यापीठ निवडून देतील. त्यांनी तिघांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

"ही कमान बघ," ते एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले. "हिच्यातून पोरं जाणार का हत्ती?"

"मोठं विद्यापीठ आहे, वकीलसाहेब."

"मोठं तर दिसतंच हाय, मियाँ. तुला दरवाजा पायजे का मास्तर? पयल्या पानावर इमारत, दुसऱ्यावर साहेब, तिसऱ्यावर पुन्हा इमारत, मागून. शिकवणारा कुठं लपलाय?"

तिन्ही पुस्तिकांत शेवटी एकच वाक्य होतं : निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. या वाक्यावर त्यांचा विशेष राग. "कोण कळवणार? नाव नाय, गाव नाय. ह्या वाक्याला मालकच नाय. बिनमालकाच्या घरात राहायला चाललास तू." त्या दिवसापासून सरकारी कागदातलं बिनमालकाचं वाक्य मला लांबून ओळखू येतं.

नागपूरचा नकार लवकर आला. हैदराबादनं जागा दिली, पण अट घातली : सोमवारी जातीनं हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरात हैदराबाद कुणालाच नको होतं. आमचे वडील दौलताबादकडचे, पेरूच्या बागेतले. त्यांचं म्हणणं, आज ना उद्या हैदराबाद राज्य मोडणार आणि आपण मराठी राज्यात जाणार, मग पोरानं उलट्या दिशेला कशाला जायचं? सगळ्यांचे डोळे पुण्याकडे लागले होते.

शुक्रवारी मामा पुण्याहून आले ते पेढे घेऊनच. कामासाठी गेले असता विद्यापीठाच्या कचेरीत स्वतः चौकशी केली होती त्यांनी. "दाखला मिळाला!" ते दारातूनच ओरडले. आईनं देवापुढं साखर ठेवली. वडील म्हणाले, "सुटलो. आता हैदराबादला जायचं काम नाय."

मी पेढे घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो, कौतुक करून घ्यायला मामाही मागोमाग आले. वकीलसाहेबांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"मिळाला म्हणजे कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ह्याला!" मामा म्हणाले.

"कचेरीतला बाबू काय बोलला? त्याचे शब्द सांगा, तुमचे नको."

"म्हणाला, दाखला मिळाला."

"मराठीत बोलला?"

"पुण्यात काय उर्दूत बोलणार, साहेब?"

"मग मराठीत दाखला म्हणजे काय?"

मामा हसले. "दाखला म्हणजे... दाखलाच की. शाळंत नाव घातलं का आपण म्हणतो, दाखला झाला."

"ते आपण म्हणतो. ही निजामाची जबान. पुण्यात दाखला म्हणजे सर्टिफिकेट. ह्याच्या कॉलेजनं तिकडं कोणता कागद पाठवला?"

"स्थलांतराचा दाखला," मी म्हणालो, आणि म्हणताम्हणताच पेढ्याचं ताट जड झालं.

"मंग तो त्यांना मिळाला. ह्याला काय मिळालं ते बाबू बोललाच नाय."

मामा उखडले. "सरळ सांगा ना, तुम्हाला पोराला हैदराबादलाच धाडायचंय. निजामाचं जुनं मीठ खाल्लंय तुम्ही."

वकीलसाहेबांनी कोटाची गुंडी लावली. "हैदराबादवर तर माझा अजिबात भरोसा नाय. माझ्या पक्षकारांची अपिलं तिथंच बुडाली. पण ते म्हणालेत, हजर व्हा. हजर ह्या शब्दाचा मतलब दोन्ही जबानींत एकच हाय." एवढं बोलून त्यांनी पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी माझी ट्रंक बाहेर काढली.

स्टेशनावर वकीलसाहेब आले होते. फलाटावरच्या पाटीवर हैदराबादची गाडी असं स्वच्छ लिहिलेलं असताना त्यांनी गार्डला विचारलं, मग हमालाला विचारलं, मग गाडीतल्या एका म्हातारीला. तिघांची जबानी जुळल्यावर मला म्हणाले, "चढ."

पुण्याहून उत्तर आलं ते मी हैदराबादला रुळल्यावर. जागा भरल्या होत्या. वडिलांनी ते मामांना वाचून दाखवलं, आणि त्यानंतर मामांनी दाखला हा शब्दच टाकून दिला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. हैदराबादच्या कमानींची, मोठ्या जिन्यांची आणि लपलेल्या मास्तरांची पुष्कळ साक्ष मी मनात जमवून आणली होती. न्यायला वडील आले होते. टांगा गल्लीकडे वळताना ते म्हणाले, "वकीलसाहेब गेले."

"गेले म्हणजे कुठं?" मी विचारलं.

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ओटा आला. त्यावर कुणी नव्हतं, दारासमोर चपला मात्र पुष्कळ होत्या.