एकाच अक्षरातले सात निबंध

माझा स्वभाव मुळातच संशयी. नवरा म्हणायचा, "तू देवाच्या प्रसादातही खडा शोधशील." शोधायचे! आणि सापडायचाही.

आखाती युद्धाच्या त्या दिवसांत रियाधमध्ये सगळ्यांनाच ही लागण झाली होती. सायरन वाजला की दारं-खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत मास्क घालून बसायचं. खरंच गॅस आहे की नुसती हूल, कोणी धड सांगत नव्हतं. शाळा बंद, निम्मी बायकापोरं भारतात पोचलेली. अशात आमच्या मराठी मंडळाने बाईंच्या नावाने कॉलेजसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. बाई म्हणजे इथल्या भारतीय शाळेतल्या गणिताच्या बाई. त्या कुठे गेल्या नव्हत्या. अल मलाझमधल्या आपल्या फ्लॅटवर रोज मुलांना शिकवत होत्या. "माझं नाव द्यायचंच असेल तर मुलांकडून निबंध घ्या," त्या म्हणाल्या. "नावं झाका, मी निवडते."

माझी मुलगी बारावीत. तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं, आणि नवऱ्याच्या कंपनीचं काही खरं नव्हतं. ही शिष्यवृत्ती मिळाली तरच पुणं, नाहीतर घरी बसणं.

आणि मंडळाच्या सेक्रेटरींचा मुलगाही अर्जदार! तो रोज बाईंकडे शिकायला. आमचं घर लांब, मी मुलीला बाहेर सोडतच नव्हते. माझं डोकं फिरलं. भर सभेत म्हटलं, "नावं झाकून काय होतंय? बाई त्याच्या वह्या तपासतात, अक्षर ओळखणार नाहीत होय? सगळे निबंध एका हाताने उतरवून काढा."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्यांची बायको मात्र शांतपणे म्हणाली, "वहिनी, मी काढते उतरवून."

वा! म्हणजे पुन्हा त्यांच्याच घरात. मीही काही कमी नाही. दोन दिवस तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बिचारी चहा करून द्यायची आणि मी कपाआडून तिच्या पेनाकडे बघायचे. माझ्या मुलीच्या निबंधाच्या तर मी ओळी मोजल्या, मूळच्या आणि उतरवलेल्या. बरोबर भरल्या.

पुढच्या शुक्रवारी दुपारी सगळे बाईंकडे जमलो. बाईंनी निवडलेल्या निबंधावरचा क्रमांक वाचला, त्या क्रमांकाचं नावाचं पाकीट उघडलं आणि माझ्या मुलीचं नाव घेतलं.

टाळ्या वाजल्या. आणि मी, देवा रे, मी उठून काय म्हणावं? "हे कोणी ठरवलं? माझं तोंड बंद करायला दिलीत का?"

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही वाचलाय हा निबंध?"

दोन दिवस तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता.

"नाही वाचला तिने," मुलगी म्हणाली. घरात माझ्याशी कायम इंग्रजीतून बोलणारी पोर, त्या दिवशी सगळ्यांना कळेल अशा मराठीत बोलली. "माझा निबंध चांगला असेल असं आईला वाटलंच नाही, बाई. वशिला लागतो असंच वाटलं."

मी खाली बसले. लाज वाटली, खूप वाटली.

जुलैत ती पुण्याला गेली. बॅग भरताना मी म्हटलं, "तो निबंध दे ना, वाचते."

"आता कशाला?" ती म्हणाली. मूळ कागद तिच्याकडेच आहे. अजून तिने तो मला दिलेला नाही.