आबांची पितळी काडतुसं

दसऱ्याचं जेवण अंगावर आलंय. माजघरात चटईवर पडल्या पडल्या डोळे मिटायला लागतात, पण धड झोप काही लागत नाही. पडवीत सुहास, माझा धाकटा भाऊ, बंदूक पुसतो आहे. आमचे वडील, आबा, गेल्यावर शेतराखणीचा परवाना त्याच्या नावावर झाला. आज अंधार पडला की तो रानडुकरांसाठी पहिल्यांदाच शेतातल्या माळ्यावर बसणार, आणि आबांचीच रिकामी काडतुसं भरून नेणार.

पितळी काडतूस पुन्हा पुन्हा भरता येतं, पण फार जुनं झालं की बंदुकीतच फाटतं आणि सगळं डोळ्यांवर येतं. म्हणून आबा दर भरणीला बुडाशी लाल ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचे. पाच ठिपके झाले की हातोडीने चेपून टाकायचे. काल आईने शस्त्रपूजेसाठी सगळी काडतुसं चिंच-राखेने लख्ख घासली. आईची घासणी ती, ठिपके कुठले राहतात! आता कुठलं किती वेळा भरलंय, कुणालाच माहीत नाही. सुहास म्हणतो, काही होत नाही. मला त्याच्या डोळ्यांची काळजी वाटते.

"हेमू, सर गो वायच," आबा म्हणतात.

मी सरकते. ते काडतुसांची पिशवी मांडीवर घेऊन बसतात. त्यांना जाऊन वर्ष होत आलं हे मला ठाऊक आहे, तरी त्यांना जागा करून देण्यात काही विशेष वाटत नाही.

"आयेन ठिपके पुसल्यान," मी चुगली करते.

"लगीन झाल्यापासून बघतंय. माझो रंगय तिनाच काढल्यान."

"मगे जुनां खयचा ता तुमीच सांगा."

ते एक काडतूस माझ्या ओठांशी धरतात. "फुक. फाटलेला असला तर शीळ वाजाची नाय."

"तुमीच फुका."

"माझ्याकडे वारो खय?"

आम्ही माळ्यावर आहोत. खाली पिकलेलं भात दवाखान्याच्या खाटांमधून उभं आहे आणि एक नर्स लोंब्या बाजूला सारत सलाईन घेऊन चालली आहे. मी फुंकते. स्वच्छ शीळ येते. दुसरं फुंकते, तिसरं फुंकते. सगळी वाजतात. माझा जीव भांड्यात पडतो.

"सगळी बरी आसत, आबा."

"शीळ माझी पण बरी होती."

खरंच होती. शेवटच्या आठवड्यातही ते गोठ्यात शीळ घालत होते.

"छातीत दुखत होता तर सांगलात कित्याक नाय?" मी विचारते. वर्षभर हेच विचारायचं होतं. मला रडू येतं आणि रागही येतो.

"वाटला, दुखणा आपणच जायत." ते खाटांकडे बघत राहतात. "संशय इलो तेव्हाच बोलाक व्हया होता. चेप ती सगळी."

"सगळी? तुमच्या हातची आसत ती."

"आणि सुहास कोणाचो?"

पंखा गरगरतो. मी जागी होते. पडवीत सुहास अजून बंदूकच पुसतो आहे. माझ्या खालच्या ओठाला पितळेची कडवट चव आहे. मी तर पिशवीला हातही लावला नव्हता.

मी उठते, पिशवी घेते, हातोडी घेते आणि मागच्या दारच्या धुण्याच्या दगडाशी जाऊन बसते.

"ताई, काय करतंस?" सुहास धावत येतो.

"चेपतंय. तू नवी आण."

"आबांची आसत गो ती."

त्याच्यामागून आई येते. या काडतुसांना ती काल देवासारखी न्हाऊ घालत होती. ती माझी हनुवटी धरते आणि पदराने ओठ पुसते. पदरावर हिरवी, वाटोळी कड उमटते. आत चिंच राहिली की पितळ कसं कळकतं, ते तिला सांगावं लागत नाही.

आई त्या डागाकडे बराच वेळ बघते. मग खाली बसून पहिलं काडतूस दगडावर स्वतःच आडवं धरते.

"मार," ती म्हणते. "माझ्या बोटांक सांभाळ."